थंडीतही घरात पंख्याचा आवाज कशाला?

"हे काय वाजून राहिलं जी?" डिसेंबरात मुक्कामाला आलेला पाहुणा हमखास विचारतो. छताचा पंखा बंद असतो, कूलर कधीचाच गच्चीवर झाकून ठेवलेला असतो, तरी झोपायच्या खोलीतून हवेचा एकसारखा घोंघावणारा आवाज येत असतो. तो असतो झोपेसाठी मुद्दाम असा आवाज करणाऱ्या माझ्या छोट्या यंत्राचा. पुढचा प्रश्नही ठरलेला: झोपायला शांतता लागते, तुम्ही उलट आवाज कसा लावता? उभ्या उभ्या सांगण्यात उत्तर अर्धंच राहतं, म्हणून सविस्तर लिहिते.

यातलं निम्मं उत्तर नागपूरकरांना अनुभवानं माहीत आहे. २३ मे २०१३ला इथं पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उन्हाळ्यात आपण महिनोन्‌महिने कूलरच्या आवाजात झोपतो. मध्यरात्री लाईन गेली की सगळं घर एकदम जागं होतं. "गरम होऊन राहिलं" म्हणत आपण उठतो खरं, पण खोली तापायला तर वेळ लागतो! जाग त्याआधीच आलेली असते, आवाज थांबला त्या क्षणी.

झोपलेल्या माणसाचे कान बंद नसतात. ते आवाज किती मोठा यापेक्षा तो किती बदलला याकडे जास्त लक्ष ठेवतात. आमचं घर सेंट्रल अव्हेन्यू या मोठ्या रस्त्याजवळ आहे, तेव्हा उदाहरण घरचंच घेते. रात्री खोलीत ३० डेसिबल आवाज आहे आणि ट्रकचा हॉर्न खिडकीतून ५० डेसिबलनं आत आला, तर उडी २० डेसिबलची. आता खोलीत ४५ डेसिबलचा स्थिर आवाज चालू ठेवा. डेसिबलची बेरीज सरळ होत नाही. ४५ आणि ५० मिळून होतात साधारण ५१. उडी उरली ६ची. हॉर्न तेवढाच वाजला, पण झोपेला बसणारा धक्का फार हलका झाला. शिवाय कान आवाजाचे कंप पट्ट्यापट्ट्यांत वेगळे करतो आणि एका पट्टीत आधीच पुरेसा आवाज असेल, तर त्याच पट्टीतला हळू आवाज ऐकूच येत नाही. शेजारच्या खोलीतली कुजबुज अशी बुडते.

माझ्याकडचं यंत्र अमेरिकन घडणीचं आहे. १९६२मध्ये जिम बकवॉल्टर यांनी ते बनवलं. प्रवासात मोटेलमध्ये एसीची घरघर नव्हती म्हणून त्यांच्या पत्नीला झोप लागेना, त्यातून ही कल्पना आली असं सांगतात. 'स्लीप-मेट' या नावानं ते विकलं गेलं. पुढं त्याच घराण्याचं 'डोम' आलं. रचना इतकी साधी आहे की मला तिचं मनापासून कौतुक वाटतं. प्लॅस्टिकच्या गोल डबीत एक छोटी मोटर, तिच्यावर छोटा पंखा. पंखा हवा ओढतो, ती डबीच्या भोकांतून बाहेर पडताना तिचे भोवरे होतात आणि त्या भोवऱ्यांचाच आवाज होतो. वरची टोपी फिरवली की भोकं उघडतात किंवा मिटतात, आणि आवाज पातळ, भरदार, मोठा, हळू असा बदलतो. वाऱ्याची झुळूक मात्र बाहेर जवळजवळ येत नाही, म्हणून थंडीत चालतं.

खरी खुबी पात्यांमध्ये आहे. माझ्या कूलरचा पंखा चार पात्यांचा, मिनिटाला साधारण १४०० फेरे. म्हणजे सेकंदाला सुमारे ९३ वेळा एक पातं तुमच्यासमोरून जातं, आणि त्याच कंपाचा एक सूर बाकीच्या आवाजातून वर डोकावतो. या यंत्राची पाती मुद्दाम असमान ठेवलेली असतात. ठोके सारख्या अंतरानं पडत नाहीत, त्यामुळे सूर एका जागी न साठता पसरतो.

"मोबाइलवर फुकट मिळतं की हे!" असंही ऐकते. मिळतं, पण ते बहुधा छोटं ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा वाजत असतं. जोड कुठे येतो हे एकदा कानानं पकडलं की मेंदू त्याचीच वाट बघत बसतो. हवेचे भोवरे पुन्हा तसेच कधी होत नाहीत. अशा एकसारख्या आवाजाला सरसकट 'व्हाइट नॉइज' म्हणतात, पण काटेकोर अर्थानं व्हाइट नॉइजमध्ये सगळ्या कंपांना सारखी ताकद असते; पंख्याच्या आवाजात वरचे कंप कमी, म्हणून तो कानाला मऊ लागतो. मला तर हेच जास्त आवडतं.

अमेरिकेतून कुणी हे यंत्र आणून देणार असेल, तर आधी यंत्रावरचा व्होल्टेज वाचा. तिकडं १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झ. आपल्याकडं २३० आणि ५०. (हर्ट्झ म्हणजे विजेचे सेकंदाला होणारे फेरे.) सरळ प्लगमध्ये लावलं तर मोटर जळेल. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरतो, हर्ट्‌झ बदलत नाहीत, ते ५०च राहतात, म्हणून इथं मोटर थोडी सावकाश फिरते आणि आवाज जरा खालच्या पट्टीत येतो.

डीजेपुढं मात्र हे यंत्र काही करू शकत नाही. त्याचे खालचे ठोके भिंतीतून येतात आणि या आवाजाला त्या पट्टीत जोरच नाही. त्यांना बुडवायला आवाज वाढवत नेणं हा कानांवर अन्याय आहे. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ची मर्यादा ४५ डेसिबल आहे. तिथं पोलिसांना फोन करणं हाच उपाय.

नातवंडांसाठी विचारणाऱ्यांना मी आधी थांबवते. बाळांसाठी विकल्या जाणाऱ्या १४ यंत्रांची तपासणी २०१४मध्ये 'पीडियाट्रिक्स' नियतकालिकात आली होती. पूर्ण आवाजावर, ३० सेंटिमीटर अंतरावरून, त्यांतली तीन ८५ डेसिबलच्याही वर गेली. पाळण्याला यंत्र बांधू नका. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, शक्यतो खिडकीच्या बाजूला ठेवा, आवाज कमीत कमी ठेवा आणि बाळ झोपलं की बंद करा.

आणि विकत घेण्याआधी घरातला टेबल फॅन भिंतीकडं तोंड करून चार रात्री लावून बघा. बऱ्याच जणांचं काम तेवढ्यात होतं.