पियानोपासून उठून उभे का राहिलात?

मैफल संपल्यावर भेटायला येणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी हे विचारतेच: पियानोवादक म्हणून जम बसलेला असताना तुम्ही वाद्यवृंदाचे संचालन का करू लागलात, आणि आता पियानो मागे पडला का? उभ्या उभ्या मी दोन वाक्यांत काहीतरी सांगते आणि उत्तर अपुरे राहिल्याची रुखरुख घेऊन घरी येते. तुम्ही विचारलेत म्हणून या वेळी सविस्तर लिहिते आहे.

कारण पियानोतच आहे. पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर आपटते, पण तारेला लागण्याच्या क्षणभर आधीच ती पट्टीच्या यंत्रणेपासून सुटलेली असते. त्यामुळे एकदा उमटलेला सूर फुलवणे किंवा त्यावरून मींड घेणे वादकाच्या हाती राहत नाही; तो धरून ठेवता येतो किंवा तोडता येतो, आणि धरून ठेवला तरी विरत जातोच. व्हायोलिनवादक गजाने एकच सूर हळूहळू मोठा करत नेतो, आम्हांला मात्र विरणाऱ्या सुरांमधून अखंड ओळीचा भास उभा करावा लागतो, आणि त्यासाठी मागचा सूर किती क्षीण झाला आहे ते ऐकून पुढच्याचे वजन ठरवावे लागते. बेथोव्हनचे सोनाटा, म्हणजे एकट्या पियानोसाठीच्या रचना, वाजवताना मला इथे हॉर्न, तिथे चेलो असे मनात सतत ऐकू येई. ज्यांची नक्कल मी वर्षानुवर्षे बोटांनी करत होते ते सूर प्रत्यक्ष घडताना ऐकावेत, ही ओढ मला वाद्यवृंदाकडे घेऊन गेली.

ही वाट मी काढलेली नाही. मोझार्ट आपले कॉन्चेर्तो, म्हणजे एक प्रमुख वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना, पियानोवर बसूनच चालवत असे. वाद्य न वाजवता हाती बॅटन, म्हणजे ठोका दाखवायची बारीक काठी, घेऊन उभा राहणारा संचालक रूढ झाला तो एकोणिसाव्या शतकात. पियानोवादक आणि संचालक हान्स फॉन ब्यूलो यांनी चायकोव्स्कीचा पहिला पियानो कॉन्चेर्तो 1875 मध्ये बोस्टनला प्रथमच वाजवला, आणि वॅग्नरच्या ‘ट्रिस्टान’ या ऑपेराचा 1865 मधला पहिला प्रयोगही त्यांच्याच संचालनाखाली झाला होता. गेओर्ग शोल्टी यांनी 1942 मध्ये जिनिव्हाच्या स्पर्धेत पियानोचे पहिले पारितोषिक मिळवले होते, हे त्यांचे संचालन ऐकणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसते. पियानोवादक लिओन फ्लायशर यांची कथा मात्र मला आजही अस्वस्थ करते. ऐन भरात असताना, 1960 च्या दशकाच्या मध्यास, त्यांच्या उजव्या हाताची बोटे आपोआप आत वळू लागली. त्यानंतर ते डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवू लागले, शिकवत राहिले आणि संचालनाकडेही वळले. माझे दोन्ही हात धड असताना मी निवड केली. ती सक्तीने करावी लागणे ही निराळीच गोष्ट आहे.

पियानोवादकाला संचालन सोपे जाईल, असा माझाही समज होता. दहा बोटांनी अनेक ओळी एकाच वेळी वाजवण्याची सवय असल्याने स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र मांडलेली लिखित संहिता, वाचणे खरोखरच जड गेले नाही. अडले ते निराळ्याच ठिकाणी. सुरुवातीच्या एका तालमीत वाद्यांचे सारे प्रवेश ढिसाळ पडू लागले आणि मी हात अधिकाधिक जोरात हलवू लागले, तेव्हा मध्यंतरात एक वयस्क व्हिओलावादक शांतपणे म्हणाले, “बाई, तुमचा ठोका आम्हांला दिसतो, पण त्याच्या आधीचे काहीच दिसत नाही.” पट्टी दाबताक्षणी सूर उमटतो याची इतकी सवय झालेली होती, की मी ठोका आणि सूर एकच समजून चालले होते. संचालकाची खूण सुरावर नसते, ती सुराच्या आधी असते: हात वर उचलण्यातच पुढचा सूर किती मोठा, किती लयीत, किती मऊ यायचा हे सांगून व्हावे लागते. मला ते अंगवळणी पडायला काही वर्षे लागली.

बेथोव्हनचा चौथा कॉन्चेर्तो पियानोवरूनच चालवायचा असेल तर हे सारे एका जागी एकवटते. पियानोचे झाकण काढून टाकलेले असते, श्रोत्यांकडे पाठ असते, आणि वाद्याची निमुळती बाजू वादकांमध्ये शिरलेली असते. पहिली पाच मापे, म्हणजे तालाची छोटी आवर्तने, पियानो एकटाच, जी मेजर या स्वरश्रेणीत, हळुवार बोलतो. सहाव्या मापात तंतुवाद्ये अतिशय हलक्या आवाजात बी मेजर या वेगळ्या स्वरश्रेणीत येतात, जणू शेजारच्या खोलीतून. त्या वेळी हात पट्ट्यांवर असतात. पूर्वी मी डावा हात घाईने उचलून खूण करत असे आणि त्या धांदलीत माझीच शेवटची स्वरसंगती लवकर तुटे. आता मी ती ऐकत राहते, पहिल्या व्हायोलिनच्या प्रमुखांकडे पाहते आणि श्वास घेते. त्यांचा गज माझ्याबरोबर उचलला जातो.

पियानो मागे पडला का, या प्रश्नाचे उत्तर नाही असेच आहे. दौरा नसेल तेव्हा सकाळचे तीन तास अजूनही त्याचेच असतात, आणि हल्ली एकटीने सोनाटा वाजवतानासुद्धा पहिल्या सुराआधी माझा श्वास आपोआप आत घेतला जातो.