तुम्ही विचारलंत म्हणून: राम गोपाल वर्मा परत येतील का?

सोलापुरात मी बरीच वर्षे चित्रपट वितरकांचा प्रतिनिधी म्हणून काम केले. रिळांची पेटी थिएटरवर वेळेत पोहोचली की नाही ते पाहायचे, प्रत्येक खेळाला किती तिकिटे फाटली ते मोजायचे आणि रात्री तो हिशेब वितरकाला कळवायचा, असे ते काम होते. त्यामुळे कोणता चित्रपट चालेल हे मला आधीच कळते, असा ओळखीच्या लोकांचा समज आहे. ते कोणालाच कळत नाही. तरीही एक प्रश्न मला सतत विचारला जातो: एके काळी ज्याच्या नावावर ॲडव्हान्स बुकिंग व्हायचे, तो दिग्दर्शक एकदा उतरला की पुन्हा उभा राहतो का? आमच्या गावात हा प्रश्न बहुतेक वेळा राम गोपाल वर्मा यांच्याविषयी असतो.

त्याला कारण आहे. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू घरी बोलली जाते आणि तेलुगू चित्रपटही तिथे हक्काने पाहिले जातात, त्यामुळे मुंबईने वर्मांना ओळखण्याआधी पूर्व भागाने ओळखले होते. १९८९ च्या तेलुगू ‘शिवा’मध्ये नागार्जुन सायकलची साखळी हाताने ओढून काढतो, तो प्रसंग इथल्या कितीतरी पोरांनी आपापल्या सायकलीवर करून पाहिला आणि बोटे सोलून घेतली. पुढे १९९५ मध्ये ‘रंगीला’, १९९८ मध्ये ‘सत्या’, २००२ मध्ये ‘कंपनी’ आणि २००५ मध्ये ‘सरकार’ आला. हैदराबादेत व्हिडिओ कॅसेटचे दुकान चालवणारा माणूस एवढी मजल मारतो याचा इथल्या लोकांना, जणू तो आपल्याच गल्लीतला असावा, असा अभिमान होता. म्हणून २००७ मध्ये ‘शोले’ नव्याने करण्याचा त्यांचा प्रयत्न थिएटरला लागला, तेव्हा पहिल्या खेळाहून बाहेर पडणाऱ्यांच्या चेहऱ्यावर रागापेक्षा संकोच जास्त होता.

जानेवारी २०२५ मध्ये ‘सत्या’ पुन्हा प्रदर्शित झाला. तो इतक्या वर्षांनी पाहून वर्मांनी जाहीरपणे लिहिले की मला रडू आले, यशाच्या आणि अहंकाराच्या नशेत मी वाहवत गेलो, आणि यापुढचा प्रत्येक चित्रपट मुळात दिग्दर्शक का व्हायचे होते याचा मान राखून करीन. पाठोपाठ ‘सिंडिकेट’ नावाच्या नव्या चित्रपटाची घोषणाही त्यांनी केली. तेव्हापासून हा प्रश्न अधिकच विचारला जाऊ लागला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कबुली प्रामाणिक असेलही, पण मला ती अपुरी वाटते, कारण अहंकार कोणत्या मोठ्या दिग्दर्शकाला नव्हता? ‘सत्या’ करणारे वर्मा काही विनम्र गृहस्थ नसावेत. फरक आहे तो त्यांच्या आजूबाजूच्या माणसांत. ‘सत्या’चे लेखन सौरभ शुक्ला आणि अनुराग कश्यप यांचे होते, संगीत विशाल भारद्वाज यांचे, गीते गुलजार यांची, पार्श्वसंगीत संदीप चौटा यांचे. भिकू म्हात्रे मनोज वाजपेयींनी उभा केला. ‘कंपनी’ जयदीप साहनींनी लिहिला. यांतले बरेचसे त्या वेळी तरुण आणि भुकेले होते, स्वतःचे काहीतरी म्हणणे असलेले होते. आणि म्हणणे असलेला माणूस दिग्दर्शकाला “हा प्रसंग जमला नाही” असे सांगतो. पुढे तेच स्वतंत्रपणे मोठे झाले आणि आपापल्या वाटेने गेले. वर्मांकडे त्यानंतर माणसे आली नाहीत असे नाही, पण जी आली ती वर्मांचे नाव ऐकून आलेली होती आणि अशी माणसे बहुधा मान डोलावतात.

नाव या गोष्टीविषयी आमच्या धंद्यातली एक बाब सांगतो, कारण ती बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. दिग्दर्शकाचे नाव चित्रपटाला पहिले तीन दिवस देते, शुक्रवार, शनिवार आणि रविवार. सोमवारपासून चित्रपट स्वतःच्या पायावर चालतो. वर्मांनी ‘फॅक्टरी’ नावाची निर्मितीसंस्था काढली आणि एकाच वर्षात त्यांच्या नावाची कितीतरी पोस्टरे लागू लागली. त्यांतले काही चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केलेले, काही फक्त निर्मिलेले. त्या कारखान्यातून चांगलेही निघाले, श्रीराम राघवन यांचा ‘एक हसीना थी’ आणि शिमित अमीन यांचा ‘अब तक छप्पन’ हे दोन्ही २००४ मधले तिथलेच. पण तिकीट काढणाऱ्याला निर्माता कोण आणि दिग्दर्शक कोण याच्याशी कर्तव्य नसते. त्याने पोस्टरवर वर्मांचे नाव वाचून पैसे मोजलेले असतात आणि चित्रपट पडला की तोटा त्या नावाच्या खात्यावर पडतो. त्यांच्या नव्या ‘शोले’च्या आधीच ते खाते बरेचसे रिकामे झाले होते. सोमवारचा आकडा रोज लिहिणाऱ्यांना ते दिसत होते.

उतरून पुन्हा उभे राहिलेल्यांपैकी ज्यांच्याकडे मी नेहमी बोट दाखवतो ते व्ही. शांताराम. सोलापूरला त्यांच्याविषयी वेगळी आस्था आहे, कारण आमच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवरचा चित्रपट त्यांनी १९४६ मध्ये केला आणि त्यात कोटणीसांची भूमिकाही स्वतःच केली. १९५५ चा ‘झनक झनक पायल बाजे’ आणि १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ या काळात त्यांच्या तोडीचे यश थोड्यांनाच मिळाले असेल. साठीच्या दशकात मात्र त्यांची हिंदीतली पकड सैल होत गेली. भडक रंग, कृत्रिम नेपथ्य आणि त्यांच्या नायिका संध्याबाईंची नृत्ये यांची टिंगल होऊ लागली, आणि १९७१ मध्ये ‘जल बिन मछली नृत्य बिन बिजली’ आला तेव्हा हे प्रकरण संपले असेच सर्वांनी धरले.

पुढच्याच वर्षी ‘पिंजरा’ आला. शांतारामबापू सत्तरीचे होते.

तो चित्रपट मी शाळकरी वयात पाहिला आणि धंद्यात आल्यावर त्याच्या पुनःप्रदर्शनांचे हिशेबही ठेवले, त्यामुळे त्याच्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. बापूंनी आपल्या सवयी सोडल्या असे अजिबात नाही. रंग तेच, नृत्ये तीच, संध्याबाईही त्याच. पण हिंदीत ज्यांची टिंगल झाली त्या सगळ्या गोष्टींना तमाशाच्या फडात योग्य जागा मिळाली, कारण तमाशातली नायकीण नटूनथटून, ठसक्यात आणि थोड्या अतिरेकानेच वावरणार. मोडनिंबच्या लावणीच्या कलाकेंद्रांचा शेजार असलेल्या आमच्या जिल्ह्यात तर ते कोणाला खोटे वाटण्याचा प्रश्नच नव्हता. दुसरे असे की या खेपेला त्यांनी ज्यांना सोबत घेतले त्यांना त्या मातीची माहिती त्यांच्याइतकीच, कदाचित अधिकच होती. कथा अनंत माने यांची, म्हणजे तमाशापटात मुरलेल्या दुसऱ्या एका दिग्दर्शकाची. संवाद शंकर पाटलांचे, गीते जगदीश खेबुडकरांची, संगीत राम कदमांचे. मास्तरांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू, जे रंगभूमीवर नुकताच ‘नटसम्राट’ गाजवून आले होते आणि कॅमेऱ्यापुढे कोणाच्या दबावाखाली येणारे नव्हते. बापू स्टुडिओचे मालक होते, त्यांना नाही म्हणण्याची हिंमत कोणी केली असेल की नाही याची मला शंकाच आहे. परंतु आपल्याला जे येत नाही ते ज्याला येते त्याच्याकडे सोपवण्याइतका शहाणपणा त्यांनी त्या वयात दाखवला. पुढे ‘चंदनाची चोळी अंग अंग जाळी’ आणि ‘झंझार’ही त्यांनी केले, पण त्यांनी ‘पिंजरा’ची उंची गाठली नाही. माझ्या मते त्याने काही बिघडत नाही, उभे राहायला एक चित्रपट पुरतो.

राज कपूर यांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, ती लांबवत नाही. १९७० मध्ये ‘मेरा नाम जोकर’ने त्यांना कर्जात लोटले आणि १९७३ मध्ये ‘बॉबी’ने वर काढले. नायक-नायिका नवे, गायक नवा, संगीतकारही त्यांच्या घरचे नेहमीचे नव्हेत, तर लक्ष्मीकांत-प्यारेलाल. लेखनात ख्वाजा अहमद अब्बास मात्र दोन्हीकडे होते, तेव्हा सगळी माणसे बदलली म्हणून चित्रपट चालला असे म्हणता येणार नाही. देणेकरी दारात उभे असले की दिग्दर्शकाला प्रेक्षकाचे ऐकावे लागते, एवढेच मी त्यातून घेतो.

न उठलेल्यांचीही दखल घ्यायला हवी. ‘कागज़ के फूल’ १९५९ मध्ये पडला आणि त्यानंतर गुरुदत्तांनी दिग्दर्शक म्हणून स्वतःचे नाव एकाही चित्रपटाला लावले नाही. निर्मिती केली, अभिनय केला, १९६२ चा ‘साहिब बीबी और ग़ुलाम’सुद्धा अबरार अल्वींच्या नावे गेला, आणि १९६४ मध्ये ते गेले. पडलेला तो चित्रपट आज जगभर नावाजला जातो, पण त्याचा गुरुदत्तांना काय उपयोग? दादासाहेब फाळके यांच्या बाबतीत कारण निराळे. बोलपट आला आणि त्यांनी ज्या यंत्रावर हुकमत मिळवली होती ते यंत्रच बदलले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट, आणि शेवटचाही.

यंत्राचा विषय निघाला म्हणून सांगतो, वर्मांच्या बाबतीत ते उलट्या दिशेने घडले आहे. फाळक्यांना नवे यंत्र परके पडले, वर्मांना ते फारच सोयीचे पडले. ‘सत्या’च्या काळात फिल्म महाग होती, प्रिंटा काढायला पैसा लागे आणि वितरक पटला नाही तर चित्रपट डब्यात राही. म्हणजे कोणाला तरी पटवणे भाग होते, आणि पटवताना माणूस आपल्याच कल्पनेतली भोके पाहतो. छोटे डिजिटल कॅमेरे आल्यावर ही अडचण गेली. मनात आले की चित्रीकरण सुरू, आणि २०२० च्या टाळेबंदीत तर त्यांनी स्वतःच्या ऑनलाइन थिएटरवर पैसे आकारून चित्रपट दाखवले, म्हणजे वितरकाचीही गरज उरली नाही. वितरकांचा माणूस म्हणून मी हे आकसाने लिहितो आहे असे कोणाला वाटेल, तर वाटो.

जाता जाता, हाच प्रश्न काही जण जेऊरच्या नागराज मंजुळे यांच्याविषयीही विचारतात, की २०१६ च्या ‘सैराट’नंतर तसे पुन्हा का होत नाही. तो मला अन्यायाचा वाटतो. शंभर कोटींच्या आसपास धंदा करणारा मराठी चित्रपट एकदा दिला, म्हणून पुढचा प्रत्येक चित्रपट त्याच मापाने मोजायचा असेल, तर कोणीच दिग्दर्शक उरणार नाही. जो पडलाच नाही त्याला उठायला कशाला सांगायचे?

वर्मांविषयी माझे उत्तर असे की ते येऊ शकतात. १९६२ चा जन्म, म्हणजे ‘पिंजरा’च्या वेळच्या बापूंपेक्षा वयाने लहानच. कॅमेरा कुठे ठेवावा हे त्यांना आजही कळते, त्यांच्या पडलेल्या चित्रपटांतही एखाद-दुसरा प्रसंग असा असतो की खुर्चीत सावरून बसावे. पण ‘सिंडिकेट’ची जाहिरात समोर आली की मी त्यांचे नाव वाचणार नाही, त्याखालची लेखकाची आणि संकलकाची नावे वाचेन. तिथे त्यांच्याशी वाद घालू शकेल असे कोणी असले, तर शुक्रवारच्या पहिल्या खेळाचे तिकीट काढेन. नसले, तर सोमवारचा आकडा पाहून ठरवेन.