अळम्यांची जागा मी का सांगत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. चोर्ला घाटात शीळकरी कस्तूर हा पक्षी कुठे ऐकू येतो ते मी कुणालाही सांगतो, मग अळम्यांची, म्हणजे रानातल्या खायच्या भूछत्रांची, जागा का लपवतो? गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात दर पावसाळ्यात हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच.

कस्तूर पहाटे, नीट दिसायच्या आधीच, ओहोळाकाठून अगदी माणसासारखी शीळ घालतो. एक सूर धरतो, मध्येच सोडतो, दुसराच घेतो. दहा जणांनी ऐकली म्हणून ती शीळ अकराव्याला कमी पडत नाही.

अळम्यांचं तसं नाही. रोयणीवरची, म्हणजे वारुळावरची, अळमी ही वाळवीची शेती. खाल्लेल्या पाल्यालाकडाच्या चोथ्याची वाळवी वारुळात पोळी रचते आणि त्यावर बुरशी वाढवते. वाळवीला जे पचत नाही ते ही बुरशी मऊ करून देते. आपण खुडतो ते तिचं फळ. मुळासारखा लांब देठ खाली थेट पोळीपर्यंत गेलेला असतो. छत्री उमलली की बीजाणू गळतात, आणि बहुतेक जातींत नवं वारूळ मांडणारी वाळवी तेच वेचून आपली शेती सुरू करते. सगळी अळमी कळी असतानाच उपटली तर तिने बियाणं आणायचं कुठून? धिंगरीसारखी ही पेंढ्यावर पिकतही नाहीत. गोवा विद्यापीठात बुरशींवर संशोधन केलेले नंदकुमार कामत यांनी याबद्दल कितीतरी वेळा लिहून बजावलं आहे.

आपण दोघांनाही पावसाचे पाहुणे समजतो. खरं तर दोघंही बारमाही इथलेच. कस्तूर उन्हाळ्यातही ओहोळाकाठी किडे, गोगलगायी, खेकडे टिपत असतो, आणि बुरशी जमिनीखाली वाळवीबरोबर नांदत असते.

माझी आजी अळमी काढायची, पण उमललेली काही तशीच ठेवायची आणि रोयणीला हत्यार लागू द्यायची नाही. काही वर्षांपूर्वी मी एका स्नेह्याला तिची रोयण दाखवली. पुढच्या आषाढात गेलो तर ती कुदळीने खणलेली. तिथे पुन्हा अळमी आली नाहीत. तेव्हापासून मी जागा सांगत नाही. रागावलात तरी चालेल.

कस्तूर ऐकायला मात्र जरूर या, जूनअखेरीस, पहाटे साडेपाचला. फक्त मोबाईलवर त्याची शीळ वाजवू नका; त्याचे विणीचे दिवस असतात.