वस्तादांनी परत केलेला फोटो

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका तालमीचे वस्ताद नातवाला घेऊन दुकानात आले, तेव्हा मी लग्नाचा अल्बम लावत बसले होते. नातू इंजिनिअरिंगला, कॅमेऱ्याचा भारी नाद. तालमीच्या भिंतीसाठी २० बाय ३० इंचाचा फोटो छापून हवा होता. फोटो उघडला आणि पाहताक्षणी आवडला. पहाटेची तालीम, बल्बचा उजेड, आणि एक पैलवान जोडीदाराच्या पाठीवर मूठभर माती टाकतोय. ती माती अजून हवेतच आहे. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे एवढ्या मोठ्या कागदावरही इंचाला २०० ठिपके मिळणार. भिंतीवरच्या फोटोला तेवढे पुष्कळ झाले. मी छोटी टेस्ट प्रिंट काढून वस्तादांच्या हातात दिली.

त्यांनी ती दारात नेऊन उन्हात धरली आणि परत माझ्यासमोर ठेवली. "ही आमची माती न्हवं, ताई. शेंदूर सांडल्यागत दिसतंय."

"आबा, बल्बचा उजेड पिवळाच असतो की," नातू म्हणाला.

"हळद, लिंबू, ताक, तेल घालून ती माती मी सवता मळतो. रोज अंगाला लागती. मला शिकवू नगंस."

वस्तादांचंच खरं होतं. फाइलची माहिती उघडली तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवायचं सेटिंग, 'शेड'वर, म्हणजे सावलीसाठीचं. आदल्या संध्याकाळी पोरगा रंकाळ्यावर फोटो काढत होता, ते सेटिंग तसंच राहिलेलं. सावलीतला उजेड निळसर असतो म्हणून या सेटिंगमध्ये कॅमेरा पिवळा-तांबडा वाढवतो. इथे उजेड बल्बचा, मुळातच पिवळा, त्यात ही भर. लाल चॅनेल, म्हणजे फोटोतला नुसत्या लाल रंगाचा थर, पाहिला. मातीच्या मोठ्या भागात आकडा २५५, म्हणजे कमाल, सगळीकडे एकच. म्हणजे तिथे लाल रंगाचा तपशीलच उरला नव्हता. निळा वाढवून पाहिला तर माती जांभळट झाली आणि पैलवानांची अंगं राखेसारखी.

"टिफमध्ये करून घेतली तर?" पोराने विचारलं. हा प्रश्न मला रोज येतो, कधी टिफ, कधी पीएनजी, फोटो साठवायचे हे वेगवेगळे फाइल प्रकार. पोराची फाइल जेपेग होती, आणि जेपेगचं टिफ केलं की फाइल फुगते, गेलेलं परत येत नाही. कॅमेरा जेपेग बनवतो तेव्हा रंग आणि उजळपणा तिथेच पक्का करतो, सहज नजरेत न येणारा बारकावा टाकून देतो. प्रत्येक रंगाला मग २५६ पायऱ्या उरतात. रॉ फाइलमध्ये सेन्सरने टिपलेलं जवळपास तसंच राहतं. १४ बिटची असेल तर १६,३८४ पायऱ्या, आणि व्हाइट बॅलन्स ही नुसती सोबतची नोंद. ती घरी बसून बदलता येते.

मी कार्डच मागितलं. सुरुवातीचे फोटो रॉ आणि जेपेग अशा जोडीने होते. कार्ड भरत आलं तसं त्याने रॉ बंद करून नुसतं जेपेग ठेवलेलं, आणि माती उडवतानाचा फोटो नेमका त्यानंतरचा. जोडीतल्यांपैकी एकात वस्ताद स्वतः वाकून हाताने माती मोकळी करत होते. त्याचं जेपेग तसंच शेंदरी. रॉ उघडून मी व्हाइट बॅलन्स बल्बच्या जवळ, २,८५० केल्विनला (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप) आणला आणि माती जागेवर आली. तांबडी, जराशी ओलसर, बोटांच्या खुणांसकट. वस्ताद खुर्चीवरून उठून स्क्रीनपाशी आले. "आता हाय बघ माती."

सरसकट रॉच काढा, असं मी हौशी माणसाला सांगत नाही. बारसं, सहल, पन्हाळ्यावरचा घरचा ग्रुप फोटो, याला चांगल्या दर्जाचं जेपेग छान पुरतं, आणि छपाईलाही मी शेवटी बहुतेक वेळा जेपेगच पाठवते. पण तालीम, देवळाचा गाभारा, दीपोत्सवाला पंचगंगेचा घाट, असा अवघड उजेड असेल तर दोन्ही ठेवावं. एक रॉ साधारण २५ एमबीची. तेवढ्यासाठी दुसरं कार्ड घ्यावं, पण रॉ बंद करू नये. माझं हे मत पक्कं आहे.

पोराचा जीव मात्र पहिल्याच फोटोत अडकला होता, आणि खरं सांगायचं तर माझाही. लाल गेलं होतं तरी हिरवा चॅनेल शाबूत होता. त्यात उडालेल्या मातीचा कण न् कण वेगळा दिसत होता. नुसत्या त्या चॅनेलवरून फोटो कृष्णधवल केला. पाठीवरचा घाम, हवेतली धूळ, मागचं हनुमानाचं देवळीतलं रूप, सगळं उठून आलं. तालमीत शाहू महाराजांचा आणि जुन्या मल्लांचे फोटो आहेत, तेही कृष्णधवलच. त्यांच्या रांगेत हा शोभेल, असं वस्तादांनीच सुचवलं.

वस्तादांच्या रंगीत फोटोची, थेट रॉवरून केलेली १६ बिटची टिफ १४४ एमबीची झाली. ती आणि मूळ रॉ मी पोराच्या पेनड्राइव्हवर टाकून दिली, आणि रॉची प्रत आणखी एका ठिकाणी ठेवायला बजावलं. कृष्णधवल २० बाय ३० मध्ये तालमीसाठी गेला. रंगीत फोटो वस्तादांनी घरासाठी १२ बाय १८ मध्ये घेतला. पुण्याला नोकरीला गेलेल्या जुन्या पठ्ठ्यासाठी त्याचीच आणखी एक प्रत सांगितली, आणि जाताना मला बजावलं, "रंग हाच ठेवा, ताई. बदलू नगा."