आजीला दिसणाऱ्या मुली

आज आजीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलेलं. दोन महिने झाले, म्हणतीये दारात हिरव्या परकरातल्या बारक्या मुली उभ्या असतात, बोलत काहीच नाहीत, नुसत्या बघतात. घरी दृष्ट काढून झाली, मला तर वाटलं डिमेन्शियाच सुरू झाला.

डॉक्टर म्हणाले पडद्याचा मधला भाग खराब झालाय, डोळ्यांकडून मेंदूला पुरेसं काही पोचतच नाही मग मेंदू स्वतःच चित्रं तयार करतो, याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात. या स्विस माणसाने 1760 मध्ये स्वतःच्या आजोबांबद्दल हेच लिहून ठेवलंय!! यात फक्त दिसतं, आवाज येत नाहीत. आवाज ऐकू येणं वेगळं, आणि म्हातारी माणसं लघवीच्या इन्फेक्शनने नाहीतर सोडियम कमी होऊन अचानक भ्रमात जातात ते पण वेगळं, तिथे लगेच दवाखाना गाठायचा.

आजीने पदराने डोळे पुसले, "म्हणजे मी येडी नाय ना झाले?" किती दिवस हे मनात घेऊन बसली होती कोण जाणे. रिक्षात माझा हात घट्ट धरून होती.

संध्याकाळी मुली परत आल्या. डॉक्टरांनी सांगितलं तसं तिने डोळे इकडून तिकडे फिरवले, मी लाईट लावला.

"गेल्या गं," म्हणाली.