दहा दिवसांचं दूधबिल आणि एक अपडेट

आमच्या गावच्या दूध संस्थेचं बिल दर दहा दिवसांनी निघतं. सकाळ-संध्याकाळ घातलेलं दूध, फॅट, दर आणि रक्कम संकलनाच्या टेबलात. सभासदांचं टेबल वेगळं. प्रत्येक सभासदाची बेरीज त्याच्या ‘देय’ कॉलममध्ये भरायची, एवढंच काम पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये करायचं होतं. त्यात माझे दोन दिवस गेले.

टेबलातल्या नोंदी बदलायची आज्ञा म्हणजे ‘अपडेट’; तिच्यात नवी किंमत ‘सेट’पुढे लिहितात. आधी तिथे सरळ ‘सम’, म्हणजे बेरजेचं फंक्शन, लिहिला. अपडेटमध्ये ते चालत नाही, एरर आली. मग ‘फ्रॉम’ लावून संकलनाचं टेबल जोडलं. क्वेरी, म्हणजे ही आज्ञा, बिनतक्रार चालली, ‘अपडेट 412’ आलं, म्हणजे 412 ओळी बदलल्या. दूध घालणारे सभासद 412च होते, म्हणून मी निर्धास्त झालो. छापून बघतो तर एकाचं बिल 218 रुपये 40 पैसे. त्यांच्या नोंदी वीस. 4.2 लिटर गुणिले 52 रुपये, म्हणजे ही तर एकाच वेळच्या दुधाची रक्कम! एका ओळीला वीस ओळी जुळल्या तर पोस्टग्रेस त्यातली कुठलीतरी एकच घेतं, आणि एरर देत नाही.

मग आधी सबक्वेरीत, म्हणजे आतल्या क्वेरीत, ‘ग्रुप बाय’ने सभासदवार बेरजा काढून त्या जोडल्या. आता आकडे बरोबर दिसत होते. सचिवांनी यादी चाळता चाळता एका नावावर बोट ठेवलं.

“अहो, या मावशींची म्हैस आटलीय. पंधरा दिवस डेअरीला दूध नाही. मग बिल कसलं?”

रक्कम मागच्याच बिलाची होती, पैशापर्यंत तीच. या वेळी नोंदच नसल्यानं त्यांची ओळ जोडली गेली नव्हती आणि जुना आकडा तसाच राहिला होता. तो वाटला गेला असता तर पुढच्या बिलातून कापावा लागला असता. हा पैसा पेंडीचा आणि डॉक्टरचा असतो, म्हणून मला फार लागलं.

शेवटी ‘फ्रॉम’ काढूनच टाकलं. ‘सेट’मध्येच सबक्वेरी दिली, प्रत्येक सभासदासाठी बेरीज काढणारी, तारखांची अट तिच्या आत. नोंद नसेल तर ‘सम’ शून्य देत नाही, नल, म्हणजे रिकामी किंमत, देतो, म्हणून बाहेरून ‘कोअलेस’ लावून शून्य केलं. तारखांची अट बाहेरच्या ‘व्हेअर’मध्ये टाकायचा मोह होतो, पण मग तेच सभासद पुन्हा सुटतात.

आता ‘बिगिन’ करतो, म्हणजे पुढचे बदल कच्चे राहतात, मग अपडेट चालवतो आणि दोन्ही टेबलांच्या एकूण बेरजा शेजारी ठेवून बघतो. एका पैशाचा जरी फरक निघाला तरी ‘रोलबॅक’, म्हणजे बदल मागे. पुढच्या बिलाला मावशींच्या नावापुढे 0.00 छापून आलं, तेव्हाच ‘कमिट’ करून बदल पक्का केला.