शिरोरेषेखाली भोकं

सासऱ्यांनी घर बांधलं, नाव ठेवलं श्रमसाफल्य, आणि घरात सीएनसी राउटर (कॉम्प्युटरवर चालणारं कोरीवकामाचं मशीन) वापरणारा जावई असताना पाटी बाहेर कशाला करायला टाकायची म्हणून काम माझ्याकडे आलं. १२ एमएम जाडीची सागवानी फळी, ६० डिग्रीचा मोठा व्ही-बिट (म्हणजे खाली निमुळतं होत जाणारं टोकदार पातं), आणि अक्षरं लांबून वाचता यावीत म्हणून रेषेची रुंदीपण १२ एमएम. काम झाल्यावर फळी उचलून बघतो तर जिथे जिथे काना शिरोरेषेला मिळतो तिथे आरपार भोक! सासरे म्हणाले, "जावईबापू, मागे दिवा लावला तर मस्त दिसेल."

घोळ असा की साध्या पॉकेटला, म्हणजे सपाट तळाच्या खाचेला, खोली आपण टाकतो, पण व्ही-कार्व्हिंगमध्ये, म्हणजे व्ही-बिटने कोरताना, ती अक्षराच्या रुंदीवरून निघते, म्हणजे रेषेच्या दोन्ही काठांना बिट टेकेपर्यंत तो खाली जात राहतो. निम्मी रुंदी भागिले बिटच्या निम्म्या कोनाचा टॅन, बस. ६० डिग्रीला १२ ची रेषा म्हणजे १०.४ एमएम, मी म्हटलं फळीत बसतंय की. पण काना आणि शिरोरेषा मिळतात त्या सांध्यात आत मावणारं वर्तुळ (खोली खरी ठरते ती त्याच्यावरून) १२ चं राहत नाही, १५ चं होतं, आणि खोली जाते १३ वर. रोमन अक्षरांत असे सांधे अधूनमधून येतात, आपल्याकडे तर अख्खी ओळच शिरोरेषेला टांगलेली. (आणि हो, अक्षरं आधी सॉफ्टवेअरमध्ये वेल्ड करून, म्हणजे जोडून एकच आकार करून घ्या, नाहीतर फॉन्टमध्ये शिरोरेषेचे तुकडे एकमेकांवर चढलेले असतात आणि तिथे मशीन भलतंच काहीतरी कापतं.)

दुसऱ्या फळीला ९० डिग्रीचा बिट घेतला. तीच रेषा ६ एमएमवर आली, सांध्यात साडेसात. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण मला तळ सपाट हवा होता म्हणून सॉफ्टवेअरमध्ये जास्तीत जास्त खोली ४ टाकली, मग रेषेच्या मधे ४ एमएमचा सपाट पट्टा उरतो, तो ३ एमएमच्या एंडमिलने (सपाट टोकाच्या बिटने) साफ केला. इथे बिट बदलल्यावर झेड झिरो, म्हणजे बिटचं टोक फळीला टेकतं ती शून्य उंची, परत घ्यावा लागतो, आणि तो फळीच्या त्याच जागेवर घ्यायचा. मी एकदा दुसऱ्या टोकाला घेतला तर तळाला पायरी आली, हाताला लागते अजून.

कारण फळी सपाट नसतेच हो. ९० च्या बिटला फळी अर्धा एमएम खाली दबली की रेषा सरळ १ एमएम बारीक होते. जाड शिरोरेषेत ते कळत नाही, पण वेलांटीच्या शेपटात आणि रफारात लगेच डोळ्यात येतं, ६० ला त्यामानाने कमी, साधारण ०.६. म्हणून आता चार कोपरे आणि मध्य असा पाच ठिकाणी झेड बघतो, फरक ०.२ च्या वर गेला तर आधी फळीवर सरफेसिंगचा एक हात फिरवतो, म्हणजे वरून तासून सपाट करतो.

आणि बिटवर लिहिलेल्या कोनावर विसंबू नका. टाकाऊ एमडीएफवर २ एमएम खोल एक रेघ मारायची, व्हर्नियरने मोजायची, ९० चा बिट असेल तर ४ भरली पाहिजे. माझी ४.३ भरली, बहुतेक टोक बोथट झालंय.

भोकांची पाटी फेकायला काढली होती तर सासऱ्यांनी खरंच मागे एलईडीची पट्टी लावून ती जिन्यात टांगली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तीच आधी दाखवतात.